बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचं दुखणं

तडजोडीचा कागद मी मायला मोठ्यानं वाचून दाखवला. ती अंगणात सूप घेऊन डाळीतले खडे काढत बसली होती. कागद कोर्टाच्या भाषेत होता, म्हणून मी एकेक वाक्य वाचायची आणि लगेच आपल्या बोलीत सांगायची. रक्कम आली, तिनं मान हलवली. इथून पुढं जिनिंगवर कसलाही दावा करणार नाही असं आलं, तिनं मान हलवली. मग ते वाक्य आलं. अर्जदाराचा श्वसनविकार हा घरातील चुलीच्या धुरामुळे झालेला असून त्याचा कारखान्यातील कामाशी संबंध नाही, तरीही मालक माणुसकीच्या भावनेने ही रक्कम देत आहेत.

"थांब," माय म्हणाली. "म्हंजी काय?"

"म्हंजी तुला हे जिनिंगमुळं झालं न्हाई. चुलीमुळं झालं. आणि ते तू सही करून कबूल करायलीस."

मला वाटलं, आता ती सूप बाजूला फेकणार. माझी माय तशी आहे. पण ती डाळीकडं बघत राहिली आणि हळू म्हणाली, "चुलीमुळं आसंल बी. कोणाला दिसतंय आतलं?"

त्या उत्तरानं मी चाट पडले. तिथून पुढचे काही आठवडे आमच्या घरात जे चाललं, ते मला लिहून ठेवायचं आहे. कारण मी तेव्हा मायला चुकीचं समजत होते, आणि बरेच दिवस समजत होते.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आमच्या गावातून, देवगाव फाट्यावर उभं राहून, मिळेल त्या गाडीला हात करत मी कॉलेजला गेले आहे. बाप मी शाळेत असतानाच गेला. त्यानंतर माझी फी, माझे पास, भावाचं खाणंपिणं, सगळं मायच्या जिनिंगच्या हजेरीवर चाललं. दिवाळी झाली की जिनिंग सुरू व्हायचं आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत चालायचं. उरलेले महिने ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. पण तिला विचारलं की तू काय करतेस, तर ती "जिनिंगात हाय" असंच सांगायची, पावसाळ्यातसुद्धा.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. लांबच लांब शेड, त्यात यंत्रांची रांग, आणि यंत्रांच्या तोंडाशी कापूस सारणाऱ्या बाया. लहानपणी एकदा मी डबा द्यायला आत गेले होते. आतली हवा पांढरी होती. बायांच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, पदरानं बांधलेली तोंडं पांढरी. मला त्यातली माझी माय ओळखू आली नाही. तिनंच हाक मारली तेव्हा कळलं.

संध्याकाळी सुट्टी झाली की फाटकाशी मुकादम गुळाची ढेप फोडून बसायचा. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातावर एक खडा. हा त्या जिनिंगचा जुना रिवाज. गूळ खाल्ला की घशात बसलेली रुई खाली उतरते, छाती मोकळी होते, असं सगळ्या बाया मानायच्या. मुकादमही मानायचा. माझ्या अंदाजानं मालकही मानत असावा, कारण एरवी तो फुकट काही देणाऱ्यातला नव्हता. माय तो खडा पदराच्या टोकाला बांधायची, निम्मा वाटेत खायची, निम्मा आमच्यासाठी आणायची. गावातल्या दुसऱ्या पोरांच्या माया कामावरून रिकाम्या हातानं यायच्या. आमची गूळ घेऊन यायची. त्यामुळं लहानपणी मला जिनिंग फार चांगलं ठिकाण वाटायचं.

जिनिंगची सुट्टी बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी माय घरी असायची, पाणी भरायची, कपडे धुवायची, संध्याकाळी बाजार करायची. आणि दुसऱ्या दिवशी कामावरून आली की भिंतीला टेकून बसायची. बोलायची नाही. छातीवर जात्याची पाळू ठेवल्यागत होतंय, म्हणायची. त्याच्या पुढच्या दिवशी जरा कमी, मग आणखी कमी. आठवड्याच्या शेवटाला तर चक्क ओव्या म्हणत भाकरी थापायची. मग पुन्हा बाजार, आणि पुन्हा भिंत.

हे तिच्या एकटीचं नव्हतं, शेडमधल्या जवळपास सगळ्या बायांचं होतं. आणि बायांनी त्याचं कारणही शोधून काढलं होतं. बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद, म्हणजे गूळ नाही. गूळ नाही म्हणून रुई आत चिकटून बसते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर नवीन रुई पडते, म्हणून छाती धरते. किती सरळ हिशोब! मायनं मग बाजारातून गूळ आणून सुट्टीच्या दिवशीही खायला सुरुवात केली. तरी छाती धरायचीच. तर तिचं म्हणणं असं की बाजारातल्या गुळाला रंगासाठी मसाला मारलेला असतो, जिनिंगच्या गुळाची सर त्याला नाही. मग ती आठवडाभरात आपल्या वाटणीतले तुकडे वाचवून ठेवायला लागली, बाजाराच्या दिवसासाठी. इतर बायांनाही तिनं ते शिकवलं. नवीन बाई कामाला आली की तिला शेजारी घ्यायची आणि पहिल्या आठवड्यातच सांगायची, "घाबरू नको माय. पहिल्यांदी आवळतंय. गूळ चुकवू नको, बस."

पुढं पुढं ते दुखणं आठवडाभर राहायला लागलं. मग हंगाम संपल्यावरही जाईना. गेल्या दोन हंगामांपासून तर विहिरीवरून घागर आणताना ती मध्ये तीनदा टेकायची. गावातल्या डॉक्टरनं दम्याची औषधं दिली. मी तोवर परभणीत एका खाजगी शाळेत शिकवायला लागले होते. शेवटी सुट्टी काढून मी तिला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मायला नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो बघितला, आणि मग खुर्ची पुढं ओढून विचारलं, "मावशी, छाती कोणत्या दिवशी जास्त आवळायची? कामाच्या शेवटच्या दिवशी, का सुट्टीनंतरच्या पहिल्या?"

मायचा चेहरा असा खुलला! इतक्या वर्षांत कोणी तिला हा प्रश्न विचारला नव्हता. तिनं सगळं सांगितलं, बाजार, ढेप, मसाला मारलेला गूळ, सगळं. डॉक्टरीण हसली नाही. शांतपणे ऐकून घेतलं आणि मग समजावलं. रोज धूळ आत गेली की छातीला तिची सवय होते. एक दिवस धूळ थांबली की सवय मोडते. म्हणून सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती जास्त धरते. कापसाच्या धुळीच्या आजाराची खूण हीच आहे. वर्षानुवर्षं चाललं की मग तो कायमचा राहतो.

"पण गूळ?" माय म्हणाली.

"गूळ पोटात जातो, मावशी. फुप्फुसात जात नाही. घसा ओला होतो, बरं वाटतं, तेवढंच."

"खाकरा सुटतोय की पण."

"घशातला सुटतो. छातीतला नाही."

परतीच्या गाडीत माय खिडकीशी बसली होती. नांदेडला येताना ती प्रत्येक स्टेशनचं नाव मला विचारत होती. जाताना चुडावा आलं, पूर्णा आलं, तिनं काही विचारलं नाही. मला वाटलं, आजार कायमचा आहे हे ऐकून खचली असंल. मी तिला सांगत राहिले की हा आजार कायद्याच्या यादीत आहे, मालकाला भरपाई द्यावी लागते, आपण दावा लावू. ती फक्त "बग तुला काय वाटंल ते," एवढंच म्हणाली. मी ते होकार समजले.

तर दावा लागला. नोटीस गेली. काही महिन्यांनी तडजोडीचा तो कागद आला, आणि मी तो वाचून दाखवल्यावर मुकादम आमच्या अंगणात आला, शेठचा निरोप घेऊन. आम्ही त्याला मामा म्हणतो. म्हातारा झाला आहे, पण अजून फाटकाशी बसतो.

"बाई, शेठ वाईट माणूस न्हाई," तो मायला म्हणाला. "खामखा कोर्टात कशाला बेजार व्हता? इमानानं आली रक्कम घ्या, मिटवा."

"मामा, चूल काय फक्त कामाच्या दिवशी पेटते का?" मीच मध्ये बोलले. "बाजाराच्या दिवशी माय घरी असायची, दोन्ही वेळचं रांधायची. धूर त्या दिवशी जास्त. मग छाती दुसऱ्या दिवशी जिनिंगात गेल्यावर का धरायची?"

"तू शिकलीस, बाई," मामा म्हणाला. "मला त्यातलं काय कळतं? मला निरोप सांगायला लावलं, सांगितला."

आमच्या वकीलसाहेबांनी मला दोन्ही बाजू सांगितल्या. भला माणूस. टेबलावर फायली इतक्या की चहा ठेवायला जागा नाही, पण अशिलाशी बोलताना घाई करत नाही.

"लढलो तर जिंकू असं मला वाटतं," ते म्हणाले. "वाटतं म्हणतोय, खात्री देत नाही. मावशींनी तिथं काम केलं हे दाखवायलाच घाम निघणार आहे. हजेरी मुकादमाच्या हातची. कुठं नवऱ्याच्या नावानं, कुठं नुसतं 'फाट्याकडची बाई'. साक्षीला शेडमधली कोण येईल? ज्या बाया सध्या कामाला आहेत त्यांचं पोट तिथंच आहे. आणि आपण जिंकलो तरी समोरचा वरच्या कोर्टात जाणार. किती वर्षं, मी सांगू शकत नाही."

"आणि मिटवलं तर?"

"मिटवलं तर रक्कम लवकर हातात. कमी आहे, पण औषधाला पुरेल अशी आहे. कोर्टासमोर होईल, म्हणजे फसवणूक नाही. फक्त ती चुलीची ओळ."

"ती ओळ त्यांना कशाला पाहिजे? पैसे तर देतच आहेत."

"अहो मॅडम, शेडमध्ये अजून बाया आहेत. उद्या त्यातली एखादी दावा घेऊन आली तर हे म्हणतील, बघा, आधीचीनं स्वतःच लिहून दिलंय, चुलीमुळं झालं म्हणून. कोर्ट ते मानेल न मानेल. पण ती बाई पायरी चढायच्या आधीच घाबरेल की नाही?"

मी तिथंच ठरवलं. सही करायची नाही. लढायचं.

घरी आले तर भाऊ वाट बघत होता. माझ्यापेक्षा लहान आहे, पिकअप गाडी चालवतो. हंगामात त्याच्या बऱ्याच खेपा जिनिंगच्याच असायच्या. दावा लागल्यापासून त्याला एकही खेप मिळाली नव्हती.

"ताई, तू परभणीत ऱ्हातीस. शनिवारी येतीस, भाषण करून जातीस," तो म्हणाला. "खोकला रातभर मी ऐकतो. औषध संपलं की मी पळतो."

"मग एवढ्यावर मायनं खोटं लिहून द्यायचं?"

"कोण वाचणार हाय ते? कोर्टाच्या कपाटात पडतंय."

"दुसऱ्या बायांचं काय?"

"दुसऱ्या बायांनी कधी आपल्या दारात येऊन विचारलं का, कसं हाय म्हून? तुला लय पुळका." मग त्यानं मायकडं बघितलं. "तिला इचार ना. दुखणं कोणाचं हाय? तुझं का तिचं?"

मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. आमच्याकडं गॅस येऊन बरीच वर्षं झाली, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागते. ती म्हणाली, "मिटवून टाका. मला कोर्टात उभं ऱ्हायचं न्हाई. चुलीचं लिहायचं तर लिहा."

मी त्या दिवशी मायवर चिडले. मोठ्यानं बोलले. मी म्हणाले, शेठचा गूळ खाल्लास म्हणून तुझी जीभ उचलत नाही का? भाऊ म्हणाला, "हळू, ताई, हा वर्ग न्हाई." माय खाली बघून भाकरी थापत राहिली. मला वाटलं, घाबरली. गरीब माणूस मालकाला घाबरतो, एवढंच मी शिकले होते, आणि तेच मी मायला लावून मोकळी झाले.

खरं कारण त्याच्या पुढच्या शनिवारी कळलं, आणि तेही शेजारणीमुळं.

आमच्या शेजारच्या घरातली सून जिनिंगात जाते. दोन लेकरं आहेत, नवरा ऊसतोडीला गेला की ती आणि सासू अशा दोघीच घरात. दुपारी ती विरजण मागायला आली. वाटी हातात घेतली आणि दारातच उभी राहिली. मध्येच खोकली. पदरानं तोंड पुसलं.

"मावशी," ती म्हणाली, "मामा म्हणायला लागले, तुमचं मिटलं म्हून. तुमाला चुलीनंच झालंय असं डॉक्टरनं सांगितलं म्हणं. खरं का?"

मी कान टवकारले.

मायनं विरजणाचं भांडं झाकलं. मग म्हणाली, "कागद अजून झाला न्हाई."

"न्हाई, आयकून मनाला बरं वाटलं. आमच्या घरी तर गॅसच हाय. म्हंजी मला काय भ्या न्हाई ना?" आणि ती हसली. सुटल्यासारखी हसली. वाटी घेऊन गेली.

माय जागची उठली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती बोलायला लागली, माझ्याकडं न बघता.

"हिला मीच नेली जिनिंगात. लग्न होऊन आली तवा पोरगीच होती. पहिल्या हप्त्यात छाती भरली, रडायला लागली. सासूला म्हणली, मी रानात जाते, तिथं न्हाई जात. सासू म्हणली, बरं, ऱ्हाऊ दे. सासू बी तयार झाली होती, बाई. मी मधी पडले. म्हणलं, हे व्हतंयच नव्या बाईला. गूळ खा. माझ्याकडं बघ, मी हाय ना उभी."

"माय, तुला काय माहीत होतं?"

"आणि ही एकटीच का? किती जणींला म्हणले मी. परत चाललेल्या बायांला मी फाटकातून मागं वळवलंय. मामा मला म्हणायचा, बाई, तू हायस म्हून शेड भरती." तिला धाप लागली. थांबली. "चुलीनं झालं आसंल तर माझं काय चुकलं न्हाई. कापसानं झालं आसंल, तर..."



मी इतके दिवस तिला पैशानं वाकलेली समजत होते. भीतीनं वाकलेली समजत होते. त्या ओळीत तिची सुटका होती, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मालकाला ती ओळ ज्या कारणासाठी पाहिजे होती, जवळजवळ त्याच कारणासाठी मायलाही पाहिजे होती. ती ओळ खरी असती तर दोघंही निर्दोष. फरक एवढाच की मालकाला ती खोटी आहे हे पुरतं ठाऊक असावं, आणि माय मात्र नांदेडहून आल्यापासून ती खरी ठरावी म्हणून मनातल्या मनात धडपडत होती. चुलीवर भाकरी टाकताना ती धुराकडं कशी बघायची, ते मला मागाहून आठवलं.

मला तिला काही समजावता आलं नाही. तुझा दोष नाही, असं मी म्हणाले. पण ते तिनं ऐकलं असं मला वाटत नाही.

रविवारी मामा उत्तर घ्यायला आला. भाऊही होता. मी गप्प बसायचं ठरवलं होतं, आणि ते माझ्या स्वभावात नाही, तरी बसले.

माय म्हणाली, "मामा, शेठला सांगा. चुलीचं काढायचं."

"बाई, नुसती एक वळ हाय. वळीनं काय बिघडतं?"

"मग तुमचं बी काय बिघडतंय? काढा की."

भावानं कपाळाला हात लावला. मामाला हसू आलं, हसता हसता तोही खोकायला लागला, आणि त्याचा खोकला थांबेपर्यंत आम्ही सगळे थांबलो. पाणी पिऊन झाल्यावर तो उठला, चप्पल घातली, आणि दारातून परत वळला. आवाज खाली आणून मायला विचारलं, "डॉक्टरीण खरंच म्हणली का गं, गुळानं काय व्हत न्हाई?"

"घशाला बरं वाटतं म्हणली. छातीला न्हाई."

"मी तर जन्मभर वाटला," मामा म्हणाला, आणि गेला.

आठवड्याभरानं उत्तर आलं. ओळ निघंल, पण रक्कमही उतरंल. बरीच उतरली होती. भाऊ पायात चप्पल न घालता बाहेर निघून गेला. मी वकीलसाहेबांना फोन करून म्हणाले, नुसती ओळ काढून कसं चालेल? आजार कापसाच्या धुळीनं झाला असं लिहा, तरच सही. ते म्हणाले, तसं ते कधीच लिहिणार नाहीत. तसं लिहायचं असेल तर कोर्टाचा निकालच घ्यावा लागतो, आणि निकालाची वाट तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे आता दोनच गोष्टी उरल्या. कारणाबद्दल काहीच न बोलणारा कागद आणि कमी पैसे. नाहीतर लढाई. मी अजूनही लढाईच्या बाजूची होते. खरं सांगायचं तर मला वाटतं मी आजही आहे. मुका कागद मला खोट्या कागदापेक्षा फार बरा वाटत नव्हता. मी मायला तसं सांगितलं.

ती म्हणाली, "कागद बोलला न्हाई तर न्हाई. मला तोंड हाय ना."

"आणि कमी पैशाचं?"

"त्याला मी समजावते," ती भावाकडं हात करून म्हणाली. तो परत येऊन ओट्यावर बसला होता. "तू मला लढ म्हणतीस, हा घे म्हणतो. दोघं बी माझ्याचसाठी भांडायलात. पण मी किती दिवस हाय, मला ठावं न्हाई, बाई. कोर्टात चार साल गप बसायचं आणि मग सांगायचं, त्यापरीस आताच सांगते. दावा चालू हाय तवर वकील म्हणतो, बाहेर बोलू नका. मग ती शेजारची काय तवर श्वास धरून बसंल का?"

वकीलसाहेब तसं म्हणाले होते, हे खरं. त्याचा असा अर्थ मी लावला नव्हता.

परभणीच्या कोर्टात सही झाली. जज्जसाहेबांनी मायला उभं करून विचारलं, कागदात काय लिहिलंय ते समजलं का, कोणाच्या दबावानं सही करताय का. माय म्हणाली, "लेकीनं वाचून दाखवलंय. तिचा दबाव उलटा व्हता." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मायनं तिची ती ठसठशीत, प्रत्येक अक्षर वेगळं उभं राहिलेली सही केली. जिन्यावरून उतरताना तिनं माझा दंड धरला होता, आणि दर दोन पायऱ्यांना आम्ही थांबत होतो.

त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, ती भावाच्या गाडीत बसून बाजारात गेली. भाजी घ्यायला म्हणून. बांगडीवाल्याच्या शेजारी पोतं टाकून बसली, आणि जिनिंगातल्या बाया जशा येत गेल्या तशी एकेकीला बोलावून सांगत गेली. मी मागं उभी होते. छाती कोणत्या दिवशी धरते ते बघा, म्हणाली. गुळानं काही होत नाही. मी सांगितलं होतं ते चुकीचं सांगितलं होतं. तोंडाला दुहेरी फडकं बांधा, यंत्राच्या अगदी तोंडाशी बसू नका, आणि नांदेडला जाऊन फुंकून या. दर वेळी तेच शब्द, दर वेळी तीच धाप.

कोणी ऐकलं. कोणी "बरं मावशी" म्हणून पुढं गेली. एक बाई, मायच्याच वयाची, तिच्याच रांगेत काम केलेली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पैसा भेटला, आता सुचायलंय व्हय तुला? आमचं जिनिंग बंद पाडतीस का?" आजूबाजूच्या हसल्या. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. मायनं माझा पदर ओढला.

"म्हणू दे," ती म्हणाली. "तिला बी मीच मागं वळवलं व्हतं."

शेजारची सून सगळ्यात शेवटी आली, लेकरू कडेवर घेऊन. तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. खाली वाकून मायनं घेतलेली मेथीची जुडी उचलली, परत ठेवली, आणि विचारलं, "मावशी, मग उद्या कुठं जाऊ?"

 

शेजारची सून दुसऱ्या दिवशी कामावर गेली, फडकं दुहेरी बांधून. अजून जाते. डॉक्टरणीनं सांगितलंय की तपासायला यायचं तर सुट्टीनंतरच्या कामाच्या दिवशी या, म्हणजे नीट कळतं. त्यासाठी तिला नेमका तोच दिवस पाळीतून लवकर सुटून गाडी धरावी लागेल, आणि मामाला काय सांगायचं हे तिचं अजून ठरत नाही. दोन बाया तिच्यासोबत यायला तयार आहेत म्हणे. माय दर बाजाराला संध्याकाळी तिच्या दारात जाते, उंबऱ्याबाहेर टेकते, धाप खाली बसू देते आणि विचारते, "मग, या खेपेला नांदेडला जायचं का?"